ॲरिझोनाच्या सीमेलगत जमीन घेण्याआधी: कागद, रस्ता, पाणी

प्रश्न असा आहे: नवरा-बायको दोघे, एकाचे काम घरून चालते, फिनिक्सच्या भाड्याला कंटाळले आहेत. ॲरिझोनाच्या आग्नेय कोपऱ्यात, कोचीस काउंटीत, मेक्सिकोच्या सीमेपासून वीसेक मैलांवर पाच एकर जमीन स्वस्तात मिळते आहे. बोअर नाही, विजेची लाइन अर्धा मैल लांब. घ्यावी का? आणि घेतली तर आधी काय, नंतर काय?

या भागात जमीन स्वस्त असते ती बहुतेक वेळा तिच्याखालच्या पाण्यामुळे, तिच्यापर्यंत जाणाऱ्या रस्त्यामुळे किंवा तिच्या कागदांमुळे. उन्हाचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. त्यामुळे माझे उत्तर: आज घेऊ नका. सिएरा व्हिस्टा, बिसबी किंवा विलकॉक्समध्ये भाड्याने घर घ्या, जूनपासून सप्टेंबरपर्यंत राहा आणि त्या काळात जमिनी बघा. मार्चमध्ये सगळ्याच जमिनी छान दिसतात. जूनमध्ये शेजाऱ्यांच्या बोअरला पाणी आहे का ते कळते आणि ऑगस्टमध्ये रस्ता कुठे वाहून जातो ते कळते.

हा भाग फिनिक्ससारखा नाही. डग्लस आणि विलकॉक्स साधारण ४,००० फुटांवर, सिएरा व्हिस्टा ४,६०० वर, बिसबी ५,००० च्याही वर. गवताळ माळ, मेस्किटची झुडपे, मधूनमधून डोंगररांगा. वर्षाला बारा-चौदा इंच पाऊस, त्यातला निम्म्याहून अधिक जुलै ते सप्टेंबरात. त्यालाही मॉन्सूनच म्हणतात, पण आपल्याकडची झड नव्हे. दुपारी ढग जमतात, अर्धा-पाऊण तास कोसळतात आणि दोन मैलांवरचा शेजारी कोरडाच राहतो. हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली जाणे नेहमीचे. फेब्रुवारी २०११ च्या लाटेत या भागात पाइप फुटले आणि सिएरा व्हिस्टात गॅसपुरवठाही तुटला होता. वाळवंट आहे म्हणून पाइप उघड्यावर टाकणारे दर वर्षी असतातच.

आता कागद. काउंटीतल्या बिगरशहरी भागात पाच किंवा कमी तुकड्यांपैकी एखादा विकणाऱ्याने व्यवहार पूर्ण होण्याच्या किमान सात दिवस आधी खरेदीदाराला एक प्रकटन-प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. ते हातात आल्यापासून पाच दिवसांत तुम्ही व्यवहार मोडू शकता. जमिनीपर्यंत कायदेशीर रस्ता आहे का, प्रत्यक्ष गाडी जाते का, रस्त्याची देखभाल कोण करते, पूररेषा, पाण्याचा स्रोत, सेप्टिक, हे सगळे त्यात लिहिलेले असते. कायदेशीर रस्ता आणि प्रत्यक्ष रस्ता हे दोन वेगळे रकाने का आहेत, ते जागेवर गेल्यावर कळते. चाकोरी दिसते, गाडीही जाते, पण ती चाकोरी दुसऱ्याच्या खाजगी किंवा राज्याच्या ट्रस्ट जमिनीतून (राज्य सरकारच्या मालकीच्या) गेलेली असते. उद्या मालकाने फाटक लावले की तुमचे पाच एकर म्हणजे बेट. टायटल इन्शुरन्सच्या (मालकीहक्काच्या विम्याच्या) प्राथमिक अहवालात नोंदलेला ईझमेंट, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याचा हक्क, शोधा, त्याची रुंदी बघा आणि टायटल कंपनीने कायदेशीर रस्ता विम्याच्या अपवादांत ढकलला नाही ना, ते तपासा.

विक्रेता स्वतःच हप्त्याने जमीन देत असेल तर आणखी सावध राहा. अशा करारात सगळे पैसे फिटेपर्यंत मालकी त्याच्याच नावावर राहू शकते. वीस टक्क्यांपेक्षा कमी रक्कम भरलेली असताना हप्ता चुकला, तर तीस दिवसांनंतर करार जप्त करण्याची प्रक्रिया सुरू होऊ शकते. करार काउंटी रेकॉर्डरकडे नोंदवलेला असलाच पाहिजे. खनिजहक्कही बघा. १९१६ च्या पशुपालन-होमस्टेड कायद्याखाली वाटलेल्या जमिनींची खनिजे संघीय सरकारने स्वतःकडे ठेवली होती, आणि या भागात तशा जमिनी बऱ्याच आहेत. घर बांधणाऱ्याला त्याचा रोज त्रास होत नाही, पण माहीत असावे.

पाण्यावर जरा थांबून बोलायला हवे, कारण निम्मे निर्णय इथेच चुकतात.

डोंगरांमधल्या सल्फर स्प्रिंग्ज खोऱ्यात, म्हणजे विलकॉक्सपासून एल्फ्रिडा-डग्लसपर्यंत, पाण्याची पातळी वर्षानुवर्षे खाली जाते आहे. पिस्ते आणि पेकानच्या बागा, चाऱ्याची शेते आणि मोठ्या डेअऱ्या यांचे बोअर हजार फुटांपलीकडे गेले, आणि तीनशे-चारशे फुटांवरचे घरगुती बोअर कोरडे पडले. राज्याचा भूजल व्यवस्थापन कायदा १९८० चा आहे, पण ग्रामीण भाग त्यातून बाहेर होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये डग्लस खोऱ्यातल्या मतदारांनी मतदानाने ‘सक्रिय व्यवस्थापन क्षेत्र’ (जिथे भूजलाच्या उपशावर राज्याचे नियम लागू होतात) स्वीकारले. विलकॉक्समध्ये तोच प्रस्ताव हरला आणि डिसेंबर २०२४ मध्ये राज्याच्या जलसंपदा खात्याने स्वतःच तिथे क्षेत्र घोषित केले. तुमच्यासाठी याचा अर्थ: घरगुती बोअर, मिनिटाला ३५ गॅलनपर्यंतच्या पंपाचा, अजूनही घेता येतो. पण नवी जमीन ओलिताखाली आणता येत नाही. दोन एकरांपेक्षा कमी क्षेत्र ‘ओलित’ धरले जात नाही, म्हणून परसबाग आणि थोडी फळझाडे चालतात. ‘चार एकर पिस्ते लावा’ असे सांगून जमीन विकणाऱ्याला पाण्याच्या हक्काचा कागद मागा.

जलसंपदा खात्याची बोअर-नोंदवही सर्वांसाठी खुली आहे. प्रत्येक बोअरला ५५ ने सुरू होणारा क्रमांक असतो. जमिनीभोवतीच्या एक मैलातले सगळे बोअर काढा आणि खोदल्याचे वर्ष, खोली, त्या वेळची पाण्याची पातळी आणि मिळालेला प्रवाह लिहून घ्या. १९८५ चा बोअर १५० फुटांवर पाणी दाखवत असेल आणि २०१८ चा ३८० वर, तर खोऱ्याचा कल तुमच्यासमोर आहे. मग दोन-तीन शेजाऱ्यांकडे जाऊन विचारा की पंप शेवटचा खाली कधी उतरवला. नोंदवहीत नसलेले उत्तर तिथे मिळते. पाणी उपसल्याने जमीन खचते आणि भेगा पडतात, त्यांचे नकाशे राज्याच्या भूगर्भ सर्वेक्षणाने केले आहेत, तेही बघा. अशा भेगेवर पावसाचे पाणी गेले की एका रात्रीत घळ होते.

बोअर खोदायचा तर आधी खात्याकडे इरादापत्र दाखल करावे लागते आणि खोदणारा परवानाधारकच लागतो. मिनिटाला पाच गॅलन मिळाले तरी घर चालते, मात्र वर अडीच हजार गॅलनची टाकी हवी. टाकीशिवाय थेट प्रेशर टँकवर पंप चालवला की तो वारंवार सुरू-बंद होतो आणि लवकर जातो. खाजगी बोअरच्या पाण्याची तपासणी सरकार करत नाही, ती मालकाची जबाबदारी. आर्सेनिक (मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम), फ्लोराइड (४ मिलिग्रॅम), नायट्रेट (नायट्रोजन म्हणून १० मिलिग्रॅम) आणि कोलिफॉर्म जंतू, एवढे तरी तपासा. उकळल्याने आर्सेनिक जात नाही, उलट दाट होते. पिण्याच्या एका नळाला आरओ लावणे पुरते. सगळ्या घराला लावाल तर पाणी वाया जाईल.

बोअर परवडत नसेल तर पाणी वाहून आणण्याचा पर्याय राहतो, पण त्याचे गणित आधी करा. दोघे मिळून काटकसरीने दिवसाला ८० गॅलन वापरतात असे धरा. महिन्याला २,४०० गॅलन. एक गॅलन म्हणजे ८.३४ पौंड, त्यामुळे पिंजऱ्यातली २७५ गॅलनची प्लास्टिक टाकी भरल्यावर २,३०० पौंडांच्या वर जाते. साध्या अर्धा-टनी पिकअपची वाहून नेण्याची क्षमता त्याहून कमी असते. लोक तरी भरतात, मग मागचे स्प्रिंग बसतात आणि खडीच्या उतारावर ब्रेक पुरत नाहीत. म्हणजे एकतर ब्रेकवाला ट्रेलर घ्या, नाहीतर टँकर बोलवा. शिवाय पाणी देणाऱ्याने उद्या नाही म्हटले तर काय, याचाही विचार करा. स्कॉट्सडेल शहराने १ जानेवारी २०२३ पासून हद्दीबाहेरच्या रिओ व्हर्डे फूटहिल्स या वस्तीला टँकरचे पाणी बंद केले, तेव्हा शेकडो घरे अडचणीत आली.

छतावरचे पाणी साठवायला या राज्यात कायद्याची आडकाठी नाही. १,००० चौरस फुटांवर एक इंच पाऊस म्हणजे ६२३ गॅलन. २,००० फुटांचे पत्र्याचे छत आणि वर्षाला बारा इंच धरले, गळती-उडती वजा केली, तर बारा हजार गॅलन हाती येतात. दोघांच्या वर्षाच्या गरजेच्या चाळीस टक्के. पण बरेचसे एकदम येत असल्याने निदान पाच हजार गॅलनची टाकी हवी, आणि पहिल्या पावसाचे धुळीचे पाणी वळवून देणारा पाइपही. आंघोळीचे आणि कपड्यांचे सांडपाणी दिवसाला ४०० गॅलनच्या आत असेल आणि राज्याचे नियम पाळले तर वेगळा परवाना न काढता झाडांना देता येते. स्वयंपाकघराचे मात्र त्यात धरत नाहीत.

सेप्टिकसाठी आधी जागेची मातीपरीक्षा होते. इथे एक-दोन फुटांखाली अनेकदा चुनखडीचा सिमेंटसारखा कडक थर लागतो, त्याला कलीची म्हणतात. त्यातून पाणी मुरत नाही, साधा शोषचर नापास होतो आणि पर्यायी व्यवस्था कित्येक पटींनी महाग पडते. म्हणून क्रम असा: सेप्टिकची जागा आधी, मग बोअर तिच्यापासून किमान १०० फूट दूर, घर सर्वांत शेवटी. नकाशावर सूर्यास्त बघून आधी घर बसवणारे नंतर हे सगळे उलटे ओढत बसतात.

बांधकामाबाबत कोचीस काउंटीत एक सवलत आहे, तिच्यामुळेच बरेच जण इकडे वळतात. ग्रामीण विभागात चार एकर किंवा अधिक जमीन असेल आणि मालक स्वतः स्वतःसाठी बांधत असेल, तर बांधकाम-संहितेची नकाशातपासणी आणि इन्स्पेक्शन नाकारता येते. झोनिंगचा (जमीन-वापराचा) आणि सेप्टिकचा परवाना मात्र लागतोच. मातीच्या विटा, गवताच्या गासड्या, मातीने भरलेल्या पोत्यांच्या भिंती असली घरे त्यातूनच उभी राहिली. माझे मत: सवलत घ्या, पण वीजजोडणी आणि छताची बांधणी जाणकाराकडून तपासून घ्या. मॉन्सूनच्या ढगाखालून येणारा वारा पत्रे उचलतो. शिवाय तपासणी न झालेल्या घराला गृहकर्ज आणि विमा मिळवताना पुढच्या खरेदीदाराची दमछाक होते, आणि ती तुमच्या विक्रीच्या किमतीतून वजा होते.

वीज अर्धा मैल लांब आहे म्हणता. स्थानिक वीज सहकारी संस्थेकडून लाइन वाढवण्याचे लेखी अंदाजपत्रक घ्या आणि मगच सौरशी तुलना करा. सौर घ्याल तर हिवाळ्याचे पाच तास ऊन धरा. रोजचे दहा युनिट लागत असतील तर तूट धरून तीन किलोवॉट कसेबसे पुरतात, चार घ्या. बॅटरी दोन दिवसांची, वीस युनिट. लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते, म्हणून ती घराच्या आत किंवा उबदार खोलीत हवी. थंडीत पॅनेलचे व्होल्टेज वाढते. उणे बारा अंशांना ते छापील आकड्यापेक्षा साधारण अकरा टक्के जास्त असते. उन्हाळ्यात इन्व्हर्टरच्या मर्यादेत जेमतेम बसवलेली पॅनेलची ओळ जानेवारीच्या पहाटे इन्व्हर्टर जाळते. जनरेटर ४,५०० फुटांवर सुमारे पंधरा टक्के ताकद गमावतो. बोअरच्या पंपाला घाबरण्याचे कारण युनिट नव्हेत, ४०० फुटांवरून रोज ३०० गॅलन उपसायला एखादेच युनिट लागते. घोळ होतो सुरू होतानाच्या झटक्याने. तो चालू प्रवाहाच्या कित्येक पट असतो, म्हणून सॉफ्ट-स्टार्टर किंवा थेट सौरपंप घ्या आणि दिवसाउजेडी टाकी भरून ठेवा. विजा इथे खूप पडतात. सर्ज-प्रोटेक्टर पॅनेलच्या बाजूला, इन्व्हर्टरच्या बाजूला आणि पंपाच्या बाजूला, तिन्ही ठिकाणी हवेत. कोरड्या कलीचीत एका अर्थिंग-रॉडने काम भागत नाही.

थंडाव्यासाठी डेझर्ट कूलर जूनमध्ये झकास चालतो आणि जुलैत हवा दमट झाली की निरुपयोगी होतो. वर पाणीही पितो. जिथे पाणी वाहून आणावे लागते तिथे मिनी-स्प्लिट हीट पंप (गरम-थंड दोन्ही करणारा स्प्लिट एसी) परवडतो, आणि हिवाळ्यात तोच ऊब देतो.

गुरांबद्दल शहरातून येणाऱ्यांचा अंदाज हमखास चुकतो. या राज्यात मोकळ्या चराईचा कायदा आहे: दुसऱ्याची गुरे तुमच्या बागेत शिरली तर दोष तुमचा, कारण कुंपण तुम्ही घालायचे. कायद्याला मान्य कुंपण म्हणजे चार पदरी काटेरी तार, वरची तार ५० इंचांवर, खांब जास्तीत जास्त ३० फुटांवर. तेवढे असेल तरच नुकसानभरपाई मागता येते.

रस्त्यातले कोरडे वाळूचे ओढे पावसात दहा मिनिटांत भरतात. अडथळे ओलांडून पाण्यात गाडी घातली आणि सोडवायला लोक बोलवावे लागले, तर राज्याचा कायदा तो खर्च चालकाकडून वसूल करतो, २,००० डॉलरपर्यंत. टायरचे वैरी वेगळेच: आपल्या माळावरचा सराटा इथेही माजला आहे. सायकल आणि ढकलगाडीला भरीव टायरच बरे. इंजिनाखाली जंगली उंदीर घरटे करून वायरी कुरतडतात, रात्री बॉनेट उघडे ठेवले की ते टिकत नाहीत.

आता सीमा. घराबाहेर पडून टूसॉनकडे निघालात की बहुतेक महामार्गांवर बॉर्डर पॅट्रोलचे, म्हणजे सीमा-गस्तदलाचे, नाके लागतात. १९७६ पासून सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले आहेत. अमेरिकी नागरिक नसलेल्या अठरा वर्षांवरील प्रत्येकाने नोंदणीचा पुरावा (ग्रीन कार्ड, किंवा आय-९४ ही प्रवेशनोंद आणि पासपोर्ट) कायम सोबत बाळगणे कायद्याने बंधनकारक आहे. फिनिक्समध्ये तो कोणी विचारत नसेल, इथे आठवड्यातून दोनदा विचारतील. सीमेपासून २५ मैलांच्या आत गस्तीचे जवान वॉरंटशिवाय खाजगी जमिनीत येऊ शकतात, राहत्या घरात नाही. त्यांच्याशी भांडण्यापेक्षा फाटकाच्या साखळीत त्यांचे कुलूप तुमच्या कुलपाला जोडून द्या. म्हणजे कोणीही आपापले कुलूप उघडून जातो आणि तार कापली जात नाही. पायी जाणारा कोणी तहानलेला आला तर पाणी द्या, गरज असेल तर ९११ ला फोन करा, पण गाडीत बसवून नेऊ नका. तो संघीय गुन्हा होऊ शकतो. अनेक रँचवाले कुंपणाजवळ एक नळ मुद्दाम सोडून ठेवतात, नाहीतर पाइप तुटतो आणि टाकी रिकामी होते. खरा धोका घराजवळ कमी आणि महामार्गावर जास्त: माणसे वाहणाऱ्या गाड्यांचे पाठलाग. आरसा बघून बाजूला व्हा.

दातांच्या कामासाठी आणि औषधांसाठी बरेच जण पलीकडे आग्वा प्रिएता किंवा नाकोला जातात. भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोला व्हिसा लागतो, पण वैध अमेरिकी व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर लागत नाही. पासपोर्टातल्या अमेरिकी व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली असेल आणि फक्त मुदतवाढीचे मंजुरीपत्र असेल, तर ते तिकडे चालत नाही. अमेरिकेची तीस दिवसांच्या आतली आपोआप पुनर्वैधतेची सोय (संपलेल्या व्हिसावरही आत घेण्याची) परत येण्यासाठी आहे, तिकडे जाण्यासाठी नाही. गाडीचा अमेरिकी विमा पलीकडे चालत नाही. गाडीत बंदुकीची एक गोळी जरी राहिली, तरी तिकडे ती तुरुंगाची गोष्ट आहे.

एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर हे सगळ्यात आधी बघा. घरून काम करत असला तरी घर हेच कामाचे ठिकाण धरले जाते, आणि फिनिक्स महानगरक्षेत्राबाहेर गेलात की कंपनीला नव्या श्रम-अर्जासह सुधारित याचिका आधी दाखल करावी लागते. २०१५ पासून हा नियम स्पष्ट आहे. पत्ता बदलल्यावर दहा दिवसांत एआर-११ हा पत्ताबदलाचा अर्ज भरा.

तब्येत. धुळीतल्या बुरशीने होणारा व्हॅली फीव्हर साध्या न्यूमोनियासारखा दिसतो. ताप-खोकला दोन आठवडे टिकला की डॉक्टरला त्याची रक्तचाचणी स्वतःहून मागा. छातीच्या एक्स-रेत त्याच्या गाठी क्षयासारख्या दिसतात, आणि लहानपणी बीसीजी घेतलेल्यांची त्वचाचाचणीही सकारात्मक येऊ शकते, त्यामुळे भारतीय रुग्णाला क्षयाकडे ढकलले जाण्याची शक्यता असते. गरोदरपणात हा आजार जास्त धोक्याचा. डग्लसचे रुग्णालय २०१५ मध्ये बंद झाले. बिसबी, विलकॉक्स आणि बेन्सनची रुग्णालये लहान आहेत, सिएरा व्हिस्टाचे त्यातल्या त्यात मोठे, आणि गंभीर काही असले की टूसॉन. डग्लसहून टूसॉन सुमारे १२० मैल. हवाई रुग्णवाहिकेचे सदस्यत्व घ्या, पण ते कोणत्या कंपनीचे हेलिकॉप्टर आले तर चालते, हे वाचून.

घराचा अधिकृत पत्ता काउंटीकडून लवकर घ्या, त्याशिवाय ९११ ला तुम्ही सापडत नाही. जमीन अग्निशमन जिल्ह्याच्या हद्दीत आहे का तेही विचारा. २०११ मध्ये चिरिकावा डोंगरातल्या एका आगीत दोन लाख एकरांहून अधिक क्षेत्र जळाले, आणि तेव्हापासून विमा कंपन्या हा प्रश्न आधी विचारतात.

या पाच एकरांवर मन बसलेच असेल, तर प्रस्ताव साठ दिवसांच्या तपासणी-मुदतीसह द्या आणि त्यात तीन अटी लिहा: टायटल कंपनीने कायदेशीर रस्त्याचा विमा द्यावा, मातीपरीक्षेत साधा सेप्टिक पास व्हावा, आणि लाइन वाढवण्याचे लेखी अंदाजपत्रक तुम्हाला मान्य व्हावे. बोअर खोदून पाणी लागेलच अशी अट कोणी मान्य करत नाही. त्याऐवजी सर्वांत जवळच्या शेजाऱ्याच्या परवानगीने त्याच्या बोअरचे पाणी तपासा आणि पातळी मोजून घ्या, तीही जूनमध्ये.